पांघरुणाचा नियम

केलर्स लँडिंग,
नोव्हेंबर अखेर

प्रिय लुसिंडा,

तुझं पत्र पोचलं. नदी गोठायला लागली आहे, शेवटची आगबोट गेली, आता टपाल घोड्यावरून येतं आणि निम्मी पत्रं भिजून लगदा होतात. तुझं मात्र कोरडं आलं. जज्ज मॅबरी गेले, त्यांची खुर्ची रिकामी झाली, आणि तुझ्या गव्हर्नरसाहेबांच्या मनात त्या खुर्चीसाठी माझ्या होझियाचं नाव आहे, हे वाचून मी खुर्चीवरच बसले. तुमच्या समोरचं पांढरं घर रिकामं होतंय, आपण दोघी खिडकीतून एकमेकींना हाका मारू, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. साहेब तुला थट्टेनं म्हणाले म्हणे, की शिफारशींचा ढीग पडलाय, पण नवऱ्याची पारख बायकोइतकी कुणाला नसते, तेव्हा तुझ्या मैत्रिणीलाच विचार, त्याला जज्ज करू का. नुसतं 'हो' लिहून पाठव, असं तू म्हणतेस. ते मला एका शब्दात जमणार नाही. चूल पेटलेली आहे, होझिया सिनेटच्या कामाला बाहेरगावी गेलाय, आणि ओहायोत एका खोलीत राहायचो तेव्हा माझी बडबड तू मुकाट्यानं ऐकून घ्यायचीस, तशीच आताही ऐक.

तू विचार करून लग्न केलंस, मी आवाज ऐकून केलं, हे तूच मला त्या वेळी सुनावलं होतंस. खोटं नव्हतं ते. मी इकडे मास्तरीण म्हणून आले तेव्हा गावात कचेरी नव्हती, कोर्ट शाळेत भरायचं, आणि मुलांना सुट्टी द्यावी लागायची. मी मागं कोपऱ्यात बसून ऐकायची. एका विधवेवर शेजाऱ्याची डुकरं चोरल्याचा आळ होता. डुकरांच्या कानांवरच्या खुणा कुणी तरी कापून टाकल्या होत्या, त्यामुळं कुठली कुणाची काही कळेना. हा उंच, किडकिडीत वकील उठला. म्हणाला, जज्जसाहेब, आपण सगळे भांडतोय, पण ज्यांना खरं माहीत आहे त्यांना कुणी विचारतच नाही. मग त्यानं ती डुकरं रस्त्यावर सोडायला लावली आणि जज्ज, ज्यूरी, सगळं कोर्ट चिखलातून त्यांच्या मागं निघालं. डुकरं सरळ बाईच्या गोठ्याशी जाऊन उभी राहिली. त्याला फी म्हणून त्यांतलंच एक मिळालं आणि तेच आमच्या लग्नात शिजलं. मी हसत हसत त्याच्या प्रेमात पडले, लुसिंडा. तो माणूस खोटा नव्हता, हे तू लक्षात ठेव. पुढचं वाचताना तुला ते विसरायला होईल.

आता तुला वकिलांच्या पांघरुणाचा नियम सांगायला हवा. राजधानीत तुम्हाला तो ठाऊक नसेल, तिथं प्रत्येकाला आपापला पलंग आहे. इथं कोर्ट फिरतं. जज्ज पुढं बग्गीत, वकील मागं घोड्यांवर, असं ते वसंतात आणि शरदात गावोगाव जातं. मुक्कामाच्या सराईत पलंग थोडे. जज्ज मॅबरींना त्यांच्या पोटामुळं एक अख्खा पलंग लागायचा, आणि वकील दोघं-तिघं एकेका पलंगावर. दिवसा एकमेकांना चोर आणि लबाड म्हणणारे दोघे एकाच गोधडीखाली झोपायचे आणि सकाळी एकाच वस्तऱ्यानं दाढी करायचे. तिथं माणूस बोलणारच. म्हणून ह्या लोकांनी ठरवून घेतलेलं आहे, की पांघरुणातलं कोर्टात न्यायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण तो नियम मोडणाऱ्याशेजारी पुन्हा कुणी झोपत नाही. होझियाला ह्या नियमाचा फार अभिमान. नव्या पोरांना तो पहिल्या दौऱ्यातच सांगायचा, की पुस्तकातला कायदा विसरलात तरी चालेल, हा विसरू नका.

लायमन टेट हे त्यातलंच एक पोर. आमच्याच ओसरीवर होझियाकडं कायदा शिकला, माझ्या हातची मक्याची भाकरी खाऊन वाढला. बुजरा आहे, बोलताना अडखळतो, पण सरळ आहे.

होझिया राजकारणात पडला त्याला मीच टाळ्या वाजवल्या. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर उभा राहून तो बोलायला लागला की तंबाखू चघळणारे थुंकायचं विसरायचे. पहिल्या खेपेला तो निवडणुकीत पडला. का पडला, ते सगळ्या गावाला माहीत होतं. इथं कॅप्टन रॉयल स्कीनचं मंडळ आहे. सरकारनं जमिनी मोजायच्या आधी जे आले, त्यांनी झाडांवर खुणा करून जागा धरल्या आणि त्या राखायला मंडळ काढलं. जमिनीच्या कचेरीत तुम्ही रीतसर पैसे भरा, कागद घ्या, पण ती जागा मंडळातल्या कुणी आधी धरलेली असेल, तर रात्री घर जळतं. ह्या परगण्यातली मतं मंडळ सांगेल तिथं पडतात. होझिया पहिल्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध बोलला होता. हरल्यावर मला म्हणाला, पाण्यात राहून माशाशी वैर करून चालत नाही, डोर्कस. मी पण मान हलवली. इथं सगळेच तसं म्हणतात.

मग तो सरकारी वकील झाला, आणि ह्या वर्षी सिनेटला उभा राहिला. पेरी स्कीन मेला तो ह्याच उन्हाळ्यात. पेरी म्हणजे कॅप्टनचा धाकटा भाऊ. नॉर्वेहून आलेला हाल्वर ब्रेक्के नावाचा एक शेतकरी, त्यानं ओढ्याकाठची जमीन कचेरीतून रीतसर विकत घेतली होती. पेरी म्हणे ती माझी. तो बंदूक घेऊन हाल्वरच्या दारात गेला आणि हाल्वरनं त्याला गोळी घातली, एवढं कुणीच नाकारत नाही. आधी बंदूक कुणी उचलली, एवढाच प्रश्न होता. पेरीनं उचलली असेल तर हाल्वर सुटतो, नाही तर फासावर जातो. पाहणारी एक हाल्वरची बायको, पण नवऱ्यासाठी बायको काय बोलणार ते सगळ्यांना आधीच माहीत. तिला आपली भाषा येतही नाही. राग्ना तिचं नाव. काखेला तान्हं घेऊन ती माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी यायची आणि नुसती उभी राहायची. मी सरकारी वकिलाची बायको, हे तिला कळत नव्हतं की कळूनच येत होती, मला अजून सांगता येत नाही. मी तिला दूध द्यायची.

कोर्टानं हाल्वरचं वकीलपत्र लायमनला दिलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं. आणि त्या अडखळणाऱ्या पोरानं साक्षीदार शोधून काढला. ओबेड क्विंबी, घड्याळं विकत फिरणारा. तो गाडी घेऊन ओढा उतरत असताना त्यानं पाहिलं होतं, पेरीनं बंदूक खांद्याला लावली होती. मंडळाच्या भीतीनं तो पळाला होता. लायमननं त्याला कसंबसं समजावून परत आणला आणि खटल्यापर्यंत कुठं तरी लपवून ठेवला. कुठं ते कुणालाच माहीत नव्हतं.

खटला एका दिवसात उरकला. शाळेच्या बाकांवर ज्यूरी बसली होती, त्यांतले बरेच मंडळातले. लायमननं क्विंबीचं नाव पुकारलं. बेलिफानं दारात जाऊन तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही. लायमननं मुदत मागितली, जज्ज मॅबरींनी नाकारली, पुढच्या गावी जायचं होतं. मग होझिया उठला. मी त्याची किती भाषणं ऐकली असतील, पण इतकं चांगलं तो कधी बोलला नव्हता. तो म्हणाला, एक घड्याळवाला आहे म्हणतात, तो कुणी पाहिला नाही, त्याचं घड्याळ कुणी पाहिलं नाही, आणि माझ्या तरुण मित्राच्या कल्पनेखेरीज त्याला कुठं घर नाही. लोक हसले. हाल्वरही त्यांच्याबरोबर हसला, कारण त्याला काहीच कळत नव्हतं आणि सगळे हसतायत म्हणजे काही तरी बरं चाललं असावं असं त्याला वाटलं. ज्यूरी लोहाराच्या शेडमध्ये विचार करायला गेली आणि लगेच परत आली: दोषी, फाशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी लायमन आमच्या अंगणात आला. हातात कायद्याचं जाडं पुस्तक होतं, होझियानंच त्याला दिलेलं. मी कपडे वाळत घालत होते, होझिया ओसरीवर बसला होता. लायमननं पुस्तक पायरीवर ठेवलं आणि एकदाही न अडखळता म्हणाला, "मिस्टर विंटन, क्विंबी म्हाताऱ्या गिरणीवाल्याकडं आहे, हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. तुम्हाला. एका गोधडीत झोपलो होतो तेव्हा. साक्षीदार घाबरलाय, काय करू, असं मी तुम्हाला विचारलं होतं." होझियानं चष्मा काढून पुसला. "आणि मी तुला योग्य सल्ला दिला होता. खटल्याच्या सकाळपर्यंत त्याला गावात आणू नकोस म्हणालो होतो." लायमन म्हणाला, खटल्याच्या आदल्या संध्याकाळी मंडळाची माणसं गिरणीवर गेली, क्विंबीला बोटीत घातलं, परत दिसलास तर नदीत घालू म्हणाली. होझियानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "मी त्यातला एक शब्द कोर्टात नेलेला नाही, लायमन. नियम कोर्टाचा आहे."

माझ्या हातात त्याचाच ओला सदरा होता. लायमन गेल्यावर मी विचारलं, मग कुठं नेलास. त्यानं लपवाछपवी केली नाही, तेवढं त्याच्या बाजूनं सांगते. न्हाव्याकडं शेजारच्या खुर्चीत कॅप्टन स्कीन होता. तो म्हणाला, पेरीच्या मारेकऱ्याला फासावर चढवणारा वकील आम्हाला सिनेटमध्ये हवा, पण सुटला तर आमची पोरं मतं द्यायला घराबाहेर पडायची नाहीत. आणि मग सहज विचारलं, तो घड्याळवाला नक्की आहे का. होझियानं तितक्याच सहज सांगितलं, की दळण न्यायला गेलात तर चौकशी करा. बस, एवढंच. पुढं काय करायचं ते त्यांनी केलं, मी सांगितलं नव्हतं, असं तो म्हणाला. नंतर कॅप्टन त्याला म्हणाला होता, सुंठीवाचून खोकला गेला.

लायमन क्विंबीला शोधायला बोटीनं नदीच्या खालच्या अंगाला गेला. क्विंबी त्याला सापडला, पण सार्वजनिक दवाखान्यात, पटकीनं मेलेल्यांच्या रांगेत. मग त्यानं तुझ्या नवऱ्याकडं दयेचा अर्ज केला. तो तुझ्या कानावर आला नसेल, असे अर्ज येतच असतात. साहेबांनी रिवाजाप्रमाणं सरकारी वकिलाचं मत मागवलं. पुरावा पूर्ण आहे, असं होझियानं कळवलं. साहेबांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून अर्ज फेटाळला. मी त्यांना दोष देत नाही. पण ज्याच्या शब्दावर त्यांनी एक माणूस मरू दिला, तो शब्द कुठून आला हे त्यांना माहीत असावं. त्या दिवसांत मी होझियाच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. जेवण वाढताना, बूट पुसताना, चर्चला जाताना, मी एकच म्हणत होते, साहेबांना लिही, अजून वेळ आहे. तो म्हणायचा, निवडणूक होऊ दे. फाशी निवडणुकीच्या आधी होती.

फाशी पाहायला लोक गाड्या भरून आले. पोरांना खांद्यावर घेतलेलं, टोपल्यांत थंड कोंबडी आणि गोड पाव, सफरचंदाचे ढीग. आपण लहानपणी जत्रेला जायचो तसे. मी जाणार नव्हते. पण राग्ना माझ्या दाराशी आली, बाळ माझ्या हातात दिलं आणि चालायला लागली, तेव्हा मी बाळ घेऊन तिच्या मागं गेले. आम्ही दोघी पुढं उभ्या राहिलो. आमच्याभोवती मोकळी जागा पडली, कुणी जवळ येईना. कॅप्टन स्कीन टोपी काढून माझ्याजवळ आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "मिसेस विंटन, तुमची खुर्ची तिकडं ठेवली आहे, मिस्टर विंटनच्या शेजारी." मी म्हणाले, मला इथून दिसतंय. तो हसला आणि गेला. होझिया तिकडं लोकांशी हस्तांदोलन करत होता. त्यानं मला पाहिलं, आणि त्याचा हात कुणाच्या तरी हातात तसाच राहिला.

हाल्वरला शेवटचं काही बोलायचंय का असं विचारलं. तो त्याच्या भाषेत बोलला, बराच वेळ, शांतपणे, जनावरांना काय घालायचं ते सांगावं तसं. कुणी त्याचा अर्थ सांगायला नव्हतं. राग्ना ऐकत होती आणि मान डोलवत होती. मग पायांखालची फळी सरकली आणि तो दोराला लटकला. दोर नीट बांधलेला नव्हता, लुसिंडा. ते लवकर झालं नाही. मी बाळाचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं होतं. समोर एका बाईनं आपल्या मुलाला सफरचंद सोलून दिलं. एवढं मी पाहिलं, आणि ते सगळं मी तुला लिहिते आहे, कारण ह्या गावात मला कुणाशी बोलायची सोय राहिलेली नाही.

होझिया निवडून आला. कधी नव्हे इतक्या मतांनी. तू अभिनंदनाचं पत्र पाठवलंस त्याला मी उत्तर दिलं नाही, त्याचं कारण हे.

तुला वाटेल तो आता माझ्याशी वाईट वागत असेल. उलट आहे. फाशीच्या ठिकाणी मी कुठं उभी होते त्याबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नाही. मला नवी शाल आणली. सरपण स्वतः फोडतो. झोपही त्याला शांत लागते, तेवढं मात्र मला बघवत नाही. तुझं पत्र येण्याच्या आधीच त्याला जज्जाच्या खुर्चीचा सुगावा लागला होता. त्या रात्री जेवताना तो माझा हात धरून म्हणाला, "डोर्कस, हे मिळालं ना, तर सगळं बदलेल. जज्जाला कुणाकडं मतं मागावी लागत नाहीत. मी पुन्हा डुकरांच्या मागं चिखलातून जाईन, बघ तू." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, मला त्याचं खरं आणि भाषणातलं पाणी वेगळं ओळखता येतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. खोटं कशाला सांगू, पांढऱ्या घराला कुठले पडदे लावायचे ते मी मनात ठरवलं. तो एकदा त्या खुर्चीवर बसला की पुन्हा माझा होझिया होईल, आणि हाल्वरचं जे झालं त्याची कुठं तरी भरपाई होईल, असं मी दिवसभर स्वतःला सांगत फिरले.

परवा कॅप्टन स्कीन घरी आला. मी कॉफी ओतत होते. हाल्वरची ओढ्याकाठची जमीन मंडळाची आहे असा दावा त्यानं लावलाय, राग्नाविरुद्ध. वसंतातल्या कोर्टात तो दावा चालेल, आणि जो जज्ज होईल त्याच्यापुढं. बर्फ पडतंय, राग्ना त्या एका खोलीत बाळ आणि गाय घेऊन राहते आहे, गाय घरात बांधते, म्हणजे तिघांना ऊब मिळते. कॅप्टन म्हणाला, "ओढ्याकाठचं आता आमच्यावर सोडा, जज्जसाहेब." जज्जसाहेब म्हणाला त्याला, आत्ताच. मी केटली हातात धरून उभी राहिले. होझिया काय करतो, एवढंच मला पाहायचं होतं. त्याला कुणाची मतं नको होती आता. निवडणूक झालेली होती. एक शब्द पुरला असता. तो माझ्याकडं पाहून ओशाळला, आणि मग कॅप्टनला म्हणाला, "हे बोलणं घरातलं आहे. कोर्टात काढू नका."

म्हणून हे पत्र, लुसिंडा. मला वाटतं तुला उत्तर मिळालं असेल, तरी स्पष्ट लिहिते, कारण साहेबांना स्पष्ट लागेल. त्याला जज्ज करू नका. हे पत्र त्यांना अख्खं वाचून दाखव, माझं नाव झाकू नकोस, अर्ध्यावर थांबू नकोस. होझिया उद्या परत येईल तेव्हा मी काय लिहिलं ते त्याला मीच सांगणार आहे, आणि त्याच्यादेखत टपालवाल्याच्या हातात देणार आहे. पांढऱ्या घरात दुसऱ्या कुणाला तरी येऊ दे, आणि ती बाई तुला चांगली शेजारीण मिळो. मी इथंच राहीन. तो माझा नवरा आहे, मी त्याला सोडून जाणार नाही, त्याच्यासाठी भाकरी करीन, आजारी पडला तर उशाशी बसेन. पण माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाचा जीव त्याच्या हाती देऊ नका.

तुझीच,
डोर्कस